येताना जुन्या चपला घालून यावे

वडाळा,
१२ जानेवारी २०२५

गं. भा. गंगू हिस,

रघुवीरचे आशीर्वाद. पत्र लिहिण्याचे कारण पुढीलप्रमाणे.

परवा भोईवाडा कोर्टात काम होते. परतताना आपल्या चाळीखालून गेलो. तळमजल्याच्या खोलीवर बोर्ड पाहिला. ‘कै. लवू घाडी पायांचा दवाखाना’. त्याखाली तुझ्या नातीचे, मेघनाचे नाव. त्याखाली ‘येताना जुन्या चपला घालून यावे’. रस्त्यात उभा राहून मी तो तीनदा वाचला.

मुलगी शिकली याचा मला आनंदच आहे. पण शिकून काय केले, तर लोकांचे पाय धरायचे? डोळे आहेत, दात आहेत, हृदय आहे. देवाने माणसाला इतके अवयव दिले असताना तिने नेमके हेच निवडावे? कॉटन ग्रीनच्या गोदामात मी एकतीस वर्षे टाइमकीपर होतो. चारशे माणसे रोज माझ्या टेबलापुढे उभी राहत. त्यांच्यापैकी कोणी तो बोर्ड वाचला, तर घाडींबद्दल काय मत करून घेईल?

तरी माझी सूचना अशी. बोर्डावरून आपले आडनाव काढावे आणि ‘पायांचा’ हा शब्दही काढावा. तसे केल्यास मी दवाखान्याला भिंतीवरचे मोठे घड्याळ भेट देईन. त्यावर ‘कै. लवू घाडी यांच्या स्मरणार्थ, बंधू रघुवीर घाडी यांजकडून’ अशी पितळी पट्टीही करून घेईन.

उत्तर सूनबाईकडून लिहून घ्यावे.

रघुवीर सखाराम घाडी


भोईवाडा,
१६ जानेवारी

भावोजी,

दीपिका विचारते, वर ‘श्री’ लिहू का. लिही म्हटलं, देवाने काय घोडं मारलंय. मग विचारते, ‘साष्टांग नमस्कार’ लिहू का. तो नको. तो एकदा घालून झालाय.

तुमचं पत्र मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा मांदेली साफ करताना. ‘गं. भा.’ म्हणजे काय गो, विचारलं. विधवा, म्हणाली. बरं झालं, पहिल्याच ओळीत आठवण करून दिलीत. माणूस एकोणीस वर्षांत विसरतो कधी कधी.

घड्याळाचं मात्र मला कळलं नाही. आडनाव बोर्डावर असलं तर घराण्याची लाज जाते, आणि घड्याळावर पितळेत असलं तर वाढते. असं कसं?

आता तुम्ही म्हणाल, ही माझ्याशी बोलत नाही आणि पत्र कशी पाठवते. तोंडाने बोलणार नाही अशी शपथ आहे माझी. पत्राची नाही. मला अक्षर येत नाही म्हणून पत्राची शपथ घ्यायचं सुचलंच नाही.

शपथ कुठल्या दिवसाची ते तुम्हाला ठाऊक आहे. दीपिका तेव्हा आतल्या खोलीत होती, तिला नीट ठाऊक नाही. म्हणून तिला ऐकवते, आणि तिच्या हातून तुम्हाला. लवूचा बारावा. गॅलरीत सतरंजी. चाळीसभर माणसं. कुणीतरी विचारलं, एवढा धडधाकट माणूस, पायाने कसा गेला? तुम्ही म्हणालात, गंगूने कढत पाण्यात मीठ टाकून पाय शेकला, भाजला, तिथून सगळं चिघळलं. वर म्हणालात, थोरल्यांच्या पाया पड, माफी माग, म्हणजे त्याचा आत्मा सुटेल. मी पडले. तुमच्या पायांवर कपाळ टेकलं. तुम्ही पाय मागे घेतले नाहीत.

ते पाणी कढत नव्हतं, भावोजी. कोपर बुडवून बघितलं होतं मी, तान्ह्या पोराच्या अंघोळीला बघतात तसं. पण इतकी वर्षं एकटीनेच सांगत राहिलं, की आपलं आपल्यालाच खरं वाटेनासं होतं. त्या दिवसापासून मी कुणाच्या पायांसाठी पाणी तापवलेलं नाही. माझ्यासुद्धा.

सूड घ्यायला लोक कोर्टात जातात. मी नातीला कॉलेजात घातली. आधी फिजिओथेरपी, मग दोन वर्षं दक्षिणेकडे नुसते पाय. तिला वाटतं, ती तिच्या आवडीने शिकली. वाटू दे.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. ज्या तोंडाने बोललात, त्याच तोंडाने, चाळीच्या माणसांसमोर ते परत घ्या. तोवर बोर्ड हलणार नाही. वसंत तर म्हणतो, आई, अक्षरं अजून मोठी करू, वडाळ्याहून दिसायला पाहिजेत. मुलगा कुणाचा आहे!

गंगुबाईचा अंगठा

(आईंनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. घोडं मी गाळलं होतं. त्यांनी पत्र वाचायला लावलं आणि पकडलं. — दीपिका)


वडाळा,
४ फेब्रुवारी

गंगू,

पत्र पोचले. भाषा तुझी असली तरी हस्ताक्षर सुनेचे आहे, याचे तरी भान ठेवायला हवे होते.

झाले गेले उकरून काढण्यात अर्थ नाही. मी त्या वेळी जे समजलो ते बोललो. तू मनाला लावून घेतलेस, त्याला मी काय करणार? हा विषय माझ्यापुरता संपला.

ता. क. माझे एक परिचित आहेत. वय ऐंशीच्या घरात, मधुमेह जुना. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली त्यांना जखम आहे. दुखत अजिबात नाही, त्यामुळे काळजीचे कारण नाही. फक्त मोज्याला डाग पडतो आणि वास येतो असे त्यांच्या सुनेचे म्हणणे. अशा इसमाने काय लावावे, एवढे मेघनाला विचारून कळवावे. नाव विचारू नये.

र. स. घाडी


भोईवाडा,
८ फेब्रुवारी

भावोजी,

तुमच्या परिचितांना सांगा, काही लावू नका आणि आजच्या आज या. ‘दुखत नाही, म्हणून काळजी नाही’ हे दीपिकाने वाचलं तेव्हा मेघना जेवत होती. ती हातातला घास ताटात ठेवून उभी राहिली. म्हणाली, आजी, दुखत नाही हीच काळजी आहे. साखरेने पायाची नस मेली की खिळा घुसला तरी माणसाला कळत नाही. दुखलं असतं तर तो महिन्यापूर्वीच आला असता.

लाज वाटत असेल, तर सांगा त्यांना की इथे सगळेच चुकून आलेले असतात. पायांचा दवाखाना म्हणजे काय हे भोईवाड्यात कुणाला ठाऊक आहे? पहिल्या महिन्यात एक बाई हाड बसवायला आली. एक मुलगी लग्नाआधी नखं रंगवून मिळतात का विचारायला आली. आणि एक सासू नव्या सुनेला हाताला धरून घेऊन आली, म्हणाली, हिचा पायगुण बघून सांगा, घरात आल्यापासून ह्यांचं काम सुटलंय. मेघनाने सुनेला बाहेर बसवलं आणि सासूचे पाय बघितले. टाचांना भेगा, त्यात माती, आणि साखर तीनशेच्या वर. म्हटलं, पायगुण आहे बाई, पण तुमचा.

माझं काम बाकाशी बसून चपला बघायचं. लोक दवाखान्यात येताना लग्नाच्या चपला घालून येतात हो! पाय बिघडवला कुणी, तर घरातल्या जुन्या चपलेने, आणि ती राहते घरी. म्हणून ती ओळ बोर्डावर मी घालून घेतली. मला ‘क’ कळत नाही, पण चपलेचा तळ कळतो. कुठल्या बाजूने झिजलीय, कुठलं बोट रुततंय, कोण पाय ओढतो, कोण एका अंगावर भार देतो. मेघना आत पाय बघते, मी बाहेर चप्पल बघते, आणि दोघींचं जुळलं की वसंत फोम कापतो. टॅक्सीच्या सीटा शिवण्यात त्याची उमर गेली. आता तोच फोम, तोच रबर, फक्त बसणारा बदलला.

म्हाताऱ्या बाईने चपला उचलायच्या म्हणून लोक आधी कानकोंडे होतात. मी म्हणते, काळजी करू नका, ह्याहून वाईट ठिकाणी हात लावून झालाय. कपाळसुद्धा.

तर तुमच्या परिचितांना यायला जमतच नसेल, तर निदान रोजच्या चपला पाठवून द्या. पण पाय आला तर बरं.

गंगुबाईचा अंगठा


वडाळा,
११ फेब्रुवारी

गंगू,

सोबत परिचितांच्या चपला पाठवीत आहे. ते स्वतः येण्यास तयार नाहीत. पाहून काय ते कळवावे. चपला परत करण्याची गरज नाही.

र. स. घाडी


भोईवाडा,
१२ फेब्रुवारी, सकाळी

भावोजी,

पत्र पोस्टात टाकत नाही. वसंत स्कूटरवर घेऊन येतोय. वाचा आणि त्याच्या मागे बसा.

उजव्या चपलेत अंगठ्याखाली रुपयाएवढा काळा डाग आहे. पाणी झिरपून वाळलेलं. आणि वर पाच बोटांचे खड्डे हवेत, तिथे चारच आहेत. दुसरं बोट खाली टेकतच नाही, अंगठ्यावर चढून बसतं. असा पाय मी जन्मात एकदाच बघितलाय, नाकापासून दोन बोटांवर. तुमचे पाय मी जितक्या जवळून बघितलेत तितके तुमच्या बायकोनेही बघितले नसतील.

मेघनाला मी काही सांगितलं नव्हतं. तिने नुसता डाग बघितला आणि म्हणाली, हा माणूस कुठे राहतो, आत्ता आणा. मी म्हटलं, हा तोच. तिने विचारलं, कोण तोच? सांगितलं. ती म्हणाली, आजी, तुझं भांडण नंतर.

तेव्हा या. माझा राग एकोणीस वर्षं टिकलाय, अजून महिनाभर टिकेल. तुमचा पाय टिकणार नाही.

आणि असं समजू नका की मी विरघळले. तुमचा पाय मला धड हवाय. तुम्हाला माझ्यापुढे उभं राहायचंय अजून.

गंगुबाईचा अंगठा


वडाळा,
२१ फेब्रुवारी

गंगू,

मेघनाने प्रथम इस्पितळात पाठवले. तिथे फोटो काढला. हाडापर्यंत गेलेले नाही, असे डॉक्टर म्हणाले. मात्र आणखी दहा दिवस गेले असते तर अंगठा काढावा लागला असता. आता दर गुरुवारी ड्रेसिंगसाठी तुमच्याकडे येणे आहे.

मुलगी हुशार आहे, हे मान्य करतो. वसंताने जखमेच्या जागी भोक ठेवून जो जाड तळवा करून दिला, त्याने चालणे सुसह्य झाले आहे. मात्र काल मी बाकावर पाऊण तास बसलो, तू समोर होतीस, आणि संपूर्ण वेळ तू माझ्या चपलांकडे पाहत होतीस. माझ्याकडे एकदाही नाही. आलेल्या माणसाला पाणी विचारण्याची आपल्यात पद्धत आहे.

असो. एक समाधानाची बाब. मेघनाने डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या दोऱ्याने पायाची परीक्षा घेतली. तिने ‘आता?’ विचारले की, दोरा लागला असेल तर ‘हो’ म्हणायचे. मी प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणालो. म्हणजे संवेदना शाबूत आहे. तिने विशेष काही म्हटले नाही, पण मला वाटते पैकीच्या पैकी मिळाले.

र. स. घाडी


भोईवाडा,
२५ फेब्रुवारी

भावोजी,

पडद्याच्या फटीतून मी बघत होते. तुम्ही चौदा वेळा ‘हो’ म्हणालात. मेघनाने दोरा दहा वेळा लावला. चार वेळा तिचा हात तिच्या मांडीवर होता.

तिला मी विचारलं, हे म्हातारं खोटं का बोलतं गो? ती म्हणाली, सगळेच बोलतात, आजी. नापास व्हायची भीती वाटते. मला हसू येणार होतं, पण आलं नाही. लवूही असाच ‘हो’ म्हणायचा. साखरेची गोळी घेतली? हो. बरं वाटतं? हो. पाय ठीक आहे? हो.

मग मेघनाने मला विचारलं, आजोबांची जखम नेमकी कुठे होती? मी माझ्या पायावर दाखवली. करंगळीच्या कडेला, बाहेरून. तिने माझ्या करंगळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, आजी, पाण्याने भाजलं तर पाण्यात बुडालेलं सगळं कातडं भाजतं, फोड येतात. एका बाजूला एवढंसं भोक पडत नाही. ही बुटाची जागा आहे.

बूट. मला आठवलं. वॉचमनच्या ड्युटीला काळे बूट पाहिजेत म्हणाले, आणि तुम्ही तुमचे ऑफिसचे दिलेत. इस्पितळातून तुम्हीच पिशवी आणलीत. त्यात लुंगी होती, चष्मा होता, कवळीची डबी होती. बूट नव्हते. मी तेव्हा शोधले होते, दानात द्यायला.

बूट कुठे गेले, भावोजी? ह्या वेळी ‘हो’ चालणार नाही.

गंगुबाईचा अंगठा


वडाळा,
१७ मार्च

गंगू,

तीन गुरुवार मी येऊन गेलो आणि तुझ्या पत्राचे उत्तर खिशात घेऊन परत आलो. आज पोस्टात टाकतो.

बूट माझ्याकडे आहेत. माळ्यावर, ट्रंकेत. आठ नंबरचे. लवूचा पाय नऊ नंबरचा. देताना मला माहीत होते. म्हटले, चामडे आहे, सैल होईल. त्याला केवढा आनंद झाला. दादाचे बूट. ते घालून तो चाळीत दोन फेऱ्या मारून आला, तुला आठवत असेल.

महिन्याने तो माझ्या गोदामावर आला. मोजा काढून पाय दाखवला. करंगळीपाशी भोक पडले होते. तू पाणी शेकायला घेतलेस त्याच्या आधी आठ दिवसांची ही गोष्ट. मी विचारले, दुखता? म्हणाला, “नाय रे दादा, काय होवक नाय.” मी त्याला म्हणालो, “गंगूक सांगू नको. ती बूट टाकतली.”

एवढेच म्हणालो. त्याने ऐकले. तो माझे सगळेच ऐकायचा.

बाराव्याला कुणीतरी विचारले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. थोरला मी. मला वाटले त्यांना कळले. तोंड उघडले आणि त्यातून तुझे नाव बाहेर पडले. तू पाया पडलीस तेव्हा मी पाय मागे घेतले नाहीत, कारण मला पाय हलवता येईनात. हे तुला खोटे वाटेल.

बूट टाकून देणे मला कधी जमले नाही. आता तू म्हणशील तसे.

रघुवीर


भोईवाडा,
२० मार्च

भावोजी,

दीपिका वाचता वाचता दोनदा थांबली. वसंत उठून गॅलरीत गेला. त्या दोघांना कळलं. मला नाही.

मला वाचता येत नाही, भावोजी. तुम्ही कागदावर कबूल केलंत ते दीपिकाकडे कबूल केलंत. माझ्या हातात कोरा कागद आणि पेनाचा कागद सारखाच. बाराव्याला तुम्ही चिठ्ठी फिरवली नव्हती. तोंडाने बोलला होतात.

येता गुरुवार, सत्तावीस तारीख. सांगते तसं करायचं.

बूट घेऊन यायचे. पुसायचे नाहीत.

तुम्हाला स्मरणार्थ काहीतरी द्यायची हौस होती ना? घड्याळ नको. बूट द्या. वसंत बाकाच्या वर काचेची पेटी ठोकतोय. पितळी पट्टी मी करायला टाकली, मजकूर तुमचाच घेतला, ‘कै. लवू घाडी यांच्या स्मरणार्थ, बंधू रघुवीर घाडी यांजकडून’. खाली एक ओळ माझी. ‘बूट आठ नंबर, पाय नऊ नंबर.’

त्या दिवशी सतरंजीवर बसलेल्यांपैकी नऊ जण हयात आहेत. नऊही येणार. शिवाय गुरुवारचे पेशंट. तुम्ही त्यांच्यापुढे गोष्ट सांगायची, बुटापासून बाराव्यापर्यंत. तुमचं ड्रेसिंग आधी होईल, कारण मेघना म्हणते, जखमेला कशाशी बांधायचं नाही. तुम्ही आलात न आलात, तुमचा पाय ती बघणारच. म्हणजे पळून जायला तुम्हाला मोकळीक आहे. माझ्या हातात असतं तर ही मोकळीक मी दिली नसती.

मग शेवटचं. माझ्या पाया पडू नका. थोरल्या दिराला पाया पाडलं म्हणून लोक मलाच बोलतील, आणि तुम्हाला वाकता येत नाही. मी खुर्चीवर बसेन. तुम्ही मेघनाच्या बुटक्या स्टुलावर. दोरा तुमच्या हातात. माझे डोळे मिटलेले. दहा ठिकाणी लावा. मी बोलणार नाही, शपथ आहे. कळलं की वाटीवर चमचा वाजवीन.

गंगुबाईचा अंगठा

(मामंजी, मी आईंना म्हटलं, आता पुरे करा. त्या म्हणाल्या, तुला कढत पाण्याचा बोल लागलेला नाही. मग मी गप्प लिहिलं. — दीपिका)


वडाळा,
२९ मार्च

गंगू,

तू दौलतला मुद्दाम बाकाच्या पार टोकाला बसवलेस, हे माझ्या लक्षात आले आहे. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही हे साऱ्या चाळीला माहीत. मी सगळे सांगून संपवले आणि तो म्हणाला, “जोरात बोल रे रघू, काय पत्ता लागला नाही.” मला पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले. दुसऱ्या खेपेला रस्त्यावरचे चारजण दारात उभे होते.

‘गंगूने पाणी कढत केले नव्हते, मी खोटे बोललो’ हे वाक्य मी घरी अकरा वेळा म्हणून पाहिले होते. तिथे ते माझ्या आवाजात आले नाही. दुसऱ्या वेळी आले.

त्यानंतर एक टॅक्सीवाला, जो मघापासून ‘दुखत नाही तर कशाला दाखवू’ म्हणून उठून चालला होता, तो पेटीतल्या बुटांकडे बघत परत बसला. मोजा काढू लागला.

आता दोऱ्याबद्दल. दहा वेळा लावला, दहा वेळा तू वाटी वाजवलीस. अकराव्यांदा मी दोरा लावला नाही. नुसता हातात धरून बसलो. तुला पकडायचे होते. म्हटले, चमचा वाजवेल, म्हणजे तीही माझ्यासारखीच निघेल. मी किती वेळ थांबलो मला सांगता येणार नाही. तू वाजवली नाहीस.

तुझे पाय मी आयुष्यात प्रथमच पाहिले. अंगठ्याच्या बाजूला जुना व्रण आहे. तो कशाचा, हे विचारण्याचा मला अधिकार नाही.

जखम भरत आली, असे मेघना म्हणते. मेच्या सुमारास ड्रेसिंग बंद होईल. म्हणजे मग येण्याचे कारण राहणार नाही. तुझे काय ते फिटले असे समजू का?

रघुवीर


भोईवाडा,
२ एप्रिल

भावोजी,

अकराव्यांदा तुम्ही दोरा लावणार नाही हे मला तुम्ही स्टुलावर बसलात तेव्हाच ठाऊक होतं. माणूस ऐंशीला आला तरी काट्यावर डोळा ठेवून बसणारा टाइमकीपर टाइमकीपरच राहतो. मी वाजवली नाही, कारण लागलं नव्हतं. लागलं की मला कळतं. पायाला काय आणि दुसरीकडे काय, माझं अजून काही मेलेलं नाही.

व्रण गिरणीतला. बॉबिनची पेटी पडली होती. विचारायला अधिकार कशाला लागतो, तोंड लागतं.

फिटलं का, विचारता. तुम्ही एकोणीस वर्षं गप्प बसलात. दोनदा सांगितल्याने ते फिटत असेल तर मी फारच स्वस्तात गेले म्हणायची. त्या गुरुवारनंतर आजवर सतरा माणसं आली. निम्म्यांनी आधी काचेची पेटी बघितली आणि विचारलं, हे कुणाचे? मेघनाला आत हात मोकळे नाहीत, वसंत फोम कापतो, दीपिका नावं लिहिते. सांगणार कोण? मी सांगितलं असतं, पण ती गोष्ट माझी नाही, तुमची आहे.

तेव्हा जखम भरली तरी गुरुवारी यायचं. बाकावर तुमची जागा पेटीच्या बरोबर खाली. नवा माणूस आला की सुरुवात करायची. विसरलात तर मी वाटी वाजवीन. मी तुमच्याशी बोलणार नाही. पाणी मिळेल. पद्धत आहे म्हणता, तर मिळेल.

मेघनाला हे सगळं माणुसकीचं वाटतं. म्हणते, आजी, तू त्यांना कामाला लावलंस, किती छान. मी चपला लावत राहिले. शिकलेल्या पोरींना सगळंच सांगायचं नसतं.

आणखी एक. काल दुपारी दवाखाना बंद केल्यावर मी घमेल्यात पाणी घेतलं. गॅसवर ठेवलं. दीपिका दारात उभी राहून बघत राहिली. कोपर बुडवून बघितलं. मग घमेलं खाली घेऊन दोन्ही पाय सोडले.

पाणी कोमट होतं, भावोजी. तेव्हाही कोमटच होतं.

गंगुबाईचा अंगठा